न उच्चारला जाणारा बी

आज संध्याकाळी ओसरीवर, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसून आठवीतली पुतणी इंग्रजीचे स्पेलिंग पाठ करीत होती. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दापाशी ती अडली. “काकाजी, हा बी वाचायचा नाही, तं लिवायचा कायले?”

प्रश्न रास्त होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथे जे असंख्य फ्रेंच शब्द रुजले, त्यांतलाच हा एक. तो आला तेव्हा त्यात बी नव्हता, पुढे पंडितांनी मूळ लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण राहावी म्हणून तो घुसडला आणि लोक मात्र पूर्वीसारखेच बोलत राहिले. ‘नाइफ’मधल्या केची गोष्ट उलटी आहे. तो पूर्वी खरोखर उच्चारला जाई. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढल्यावर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, उच्चार तेवढा बदलला. (ऱ्हस्व-दीर्घाने आपल्यालाही कमी छळलेले नाही, हे मी तिला सांगितले नाही.)

तिने तो शब्द दहादा लिहिला आणि अकराव्यांदा बी विसरली. कापूस भरता भरता तिचे वडील हसले, “चाला, कर्जातलं येक अक्षर तरी कमी झालं.”