तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवार-रविवारी मी घरी का बसत नाही

आत्या विचारते, जुन्या मैत्रिणी विचारतात, परवा आईच्या भिशीतल्या काकूंनीही विचारलं, "अगं, आठवडाभर शाळा करतेस, सुट्टीला तरी घरी बस की! किती ती धावपळ?" काहींच्या स्वरात दुसराच प्रश्न असतो, की ही जपानात इंग्रजी शिकवायला गेलीय की हिंडायला. दर वेळी "मजा येते" म्हणून मी विषय मिटवते. आज नीट सांगते.

मजा येते हे खरंच आहे. गेल्या शनिवारी शाळेचं उंदोकाई होतं, म्हणजे क्रीडादिन. लाल गट विरुद्ध पांढरा गट. रस्सीखेचीत मुलांबरोबर "ओऽ-एस! ओऽ-एस!" ओरडून माझा घसा बसला. रविवारी सकाळी मी राहते त्या मात्सुयामाहून समुद्राकाठच्या इमाबारी शहरात गेले, भाड्याची सायकल घेतली आणि कुरुशिमाच्या पुलावर चढले. एकापुढे एक तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटर, आणि खाली भरती-ओहोटीच्या ओढीनं गरगरणारं पाणी. संध्याकाळी शेजारच्या बाईंनी नदीकाठी इमोताकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवायला, नेलं. भल्यामोठ्या पातेल्यात कोंबडी, मशरूम आणि चक्क अळकुड्या! सोया सॉसात शिजलेल्या, पण अळकुड्याच. तीन वाट्या खाल्ल्या. घरी पोचायला दहा वाजले, धुणं तसंच पडलेलं. दमते मी, नाही कशाला म्हणू?

पण पहिल्या वर्षीचा जून तुम्हाला माहीत नाही.

एप्रिलमध्ये रुजू झाले होते. जूनमध्ये इथला पावसाळा, त्सुयु, सुरू झाला. एका शुक्रवारी शाळेतून निघताना सगळ्यांना रीतीप्रमाणे "ओसाकी नी शित्सुरेई शिमास" म्हटलं, तुमच्याआधी निघते, माफ करा. त्यानंतर सोमवारपर्यंत माझ्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. ठरवून नव्हे. दुकानातल्या मुलानं पिशवी हवी का विचारलं, मी मान हलवली. आईला "सगळं मस्त, जेवले" असा मेसेज टाकला. फोन केला असता तर आवाजावरून तिनं ओळखलं असतं. साडेतीन तासांच्या फरकाचं निमित्त हाताशी होतंच.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या "ओहायो गोझाइमास"मध्ये, म्हणजे सुप्रभातमध्ये, माझे नुसते ओठ हलले. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पहिलाच तास आपल्या सातवीच्या वयाच्या मुलांचा. मुलं उभी राहिली, एका सुरात "गुड मॉर्निंग" म्हणाली. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. खरखर. मी उत्तर दिल्याशिवाय मुलं बसेनात. धडा जपानी बाई शिकवतात. मी मोठ्यानं वाचायचं आणि मुलांनी माझ्यामागून म्हणायचं. माझं कामच आवाजाचं, आणि तोच नव्हता. बाई पुढे आल्या, मुलांना म्हणाल्या, सेन्सेईंना सर्दी झालीय. मी मान डोलावली.

मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर घशाच्या तीन गोळ्या होत्या, आणि वहीच्या फाडलेल्या कागदावर "गेट वेल सून". स्पेलिंग चुकलेलं. गोळी तोंडात टाकली आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. मला सर्दी नव्हती, हे त्या मुलांना मी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हाची मी माझ्याशी अजून भांडते. म्हणते, ठाण्याच्या दोन खोल्यांत सहाजण होतो, दार लावून वाचत बसायला मिळावं म्हणूनच तर निघालीस ना? मग मिळालेलं दार सारखं उघडून पळतेस कशाला? तिचं चूक नाही. पैसे जातात, पुस्तकं तशीच पडलीत. त्या पुलावर मध्येच थांबले होते, तेव्हा क्षणभर कळेना की मला खरंच समुद्र बघायचाय की फक्त घरी नसायचंय. आत्या, याचं उत्तर तुलाही देता येणार नाही. पण मला "जरा शांत बस" एवढं सांगू नका. शांत बसून काय होतं ते मी पाहिलंय.

पुलावर गेले त्याच्या आधीच्या रविवारी पाऊस होता. दुपारपर्यंत घरीच राहिले. सोमवारचा धडा मोठ्यानं दोनदा वाचला. आवाज ठीक होता. तरी छत्री घेऊन बाहेर पडले.