तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्ही काढून का नाही टाकले?

इंदूरच्या रामबागेतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणीतरी मला हळूच बाजूला घेतंच. "कर्करोगाचा एवढा धोका आहे हे कळलं होतं, तर दोन्ही काढून का नाही टाकलेस गं? त्या अँजेलिना जोलीनं टाकले ना!" 'दोन्ही' म्हणजे स्तन, तो शब्द कुणी उच्चारत नाही.

काढलं मीही, पण दुसरंच. बेचाळिसाव्या वर्षी अंडाशय आणि गर्भनलिका.

आत्याला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा सगळे म्हणाले, हे आईकडून येतं, आत्याचं तुला काय? बाबांकडूनही येतं. आजार आत्याला झाला होता म्हणून तपासणी आधी तिची झाली, बीआरसीए-२ जनुकात बिघाड सापडला. मग माझ्या रक्तात नेमका तोच शोधला, निघाला. म्हणजे बाबांमध्येही असणारच. ते एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबीचा पुडा घेऊन आले आणि कितीतरी वेळ दारातच उभे राहिले.

हा बिघाड असलेल्या १०० जणींपैकी ऐंशीव्या वर्षापर्यंत सुमारे ७० जणींना स्तनाचा कर्करोग होतो, सुमारे १७ जणींना अंडाशयाचा. मग आधी अंडाशय का? कारण स्तनांवर नजर ठेवता येते. वर्षातून एक एमआरआय, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. अंडाशयासाठी भरवशाची तपासणीच नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करत बसलं, तरी तो वेळेत सापडेलच असं नाही.

नजर ठेवल्यानं कर्करोग टळत नाही, हे मला कळतं. झालाच तर लवकर सापडावा, एवढंच. स्तन काढले तर धोका ९० टक्क्यांहून जास्त घटतो, हेही डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. एकदा एमआरआयमध्ये डाव्या बाजूला काहीतरी दिसलं. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी रोज म्हणत होते, काढूनच टाका! साधीच गाठ निघाली, आणि मी पुन्हा 'राहू द्या'वर आले. उद्या परत बदलेनही. या निर्णयाला तारीख नाही; अंडाशयाच्या निर्णयाला होती, वय चाळीस ते पंचेचाळीस.

त्याची किंमत मोजतेच आहे. पाळी एका दिवसात बंद झाली, हाडांची तपासणी मागे लागली, आणि अंगातून अचानक वाफा निघतात. इंदूरच्या जानेवारीत तुम्ही सगळ्या शाली लपेटून बसता तेव्हा पंखा लाव म्हणणारी ती मीच.