ओढ्याचं पाणी: आधी किती, मग कसं

गावात पाणी तपासायचं म्हटलं की खिशातून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा, मीटर निघतो. पाणलोटाच्या कामाला तो एकटा पुरत नाही. हा मीटर पाण्याची विद्युत वाहकता मोजतो आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो. तेव्हा वहीत वाहकताच लिहा आणि महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेच्या प्रमाण द्रावणात मीटर तपासून घ्या. जंतू, कीडनाशकं, द्राक्षबागेतून धुऊन आलेलं मोरचूद (फवारणीतलं तांब्याचं बुरशीनाशक) यांतलं काहीही त्याच्या आकड्यावरून कळत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी किंवा निफाडकडचा एखादा ओढा धरा. नमुन्याच्या जागा तीन: बागा सुरू होण्याआधी वरच्या अंगाला, बागा संपल्यावर पण गावठाणाच्या वर, आणि गटारं मिळाल्यानंतर. जोडीला पट्ट्यातल्या दोन विहिरी. गटार मिळतं तिथेच बाटली बुडवू नका. खाली जाऊन पात्राच्या दोन्ही काठांना आणि मध्ये वाहकता बघा. तिन्ही आकडे जुळले की पाणी मिसळलं. बंधाऱ्यात साठलेलं पाणी त्या दिवसाचं नसतं, म्हणून नमुना वाहत्या धारेतून घ्या. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि आपण बाटलीच्या खालच्या अंगाला उभे राहा, नाहीतर पायाने उठलेला गाळ बाटलीत येतो.

आता प्रवाह. बहुतेक नोंदवह्यांत हा रकानाच नसतो, आणि माझ्या मते त्याशिवाय बाकीचे आकडे अर्धेच. १० मीटरचा सरळ तुकडा निवडा, संत्रं किंवा अर्धी भरलेली बाटली सोडा, तीनदा वेळ घ्या. समजा सरासरी २५ सेकंद आली, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८५ ने गुणा: ०.३४. रुंदी २ मीटर, सरासरी खोली २५ सेंटिमीटर, तर सेकंदाला १७० लिटर. यात नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅम निघालं, तर पिण्याच्या पाण्याच्या ४५ च्या मर्यादेत म्हणून कुणी दखल घेणार नाही. पण दिवसाचा हिशेब होतो सुमारे २९४ किलो नायट्रेट. त्यातलं नत्र ४५ किलोच्या तीन गोण्यांहून जास्त युरियाइतकं, रोजचं. ते सगळं युरियातूनच आलं असं नाही. शेणखत आणि मैल्यातूनही येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेतला फरक गावठाणाचा वाटा सांगतो.

नायट्रेटच्या किटमध्ये एक खोच आहे. काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधलं नत्र. दुसरा आकडा ४.४३ ने गुणल्याशिवाय ४५ शी ताडून बघायचा नाही. किटवर १२ आले म्हणून निर्धास्त राहिलात आणि ते नत्र असलं, तर विहिरीत ५३ आहे.

विरघळलेल्या ऑक्सिजनची वेळ ठरवून घ्या. शेवाळ माजलेल्या डोहात दुपारी तीनला भरपूर ऑक्सिजन दिसतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करतं. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. खरी परीक्षा सूर्योदयाच्या सुमारास. ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी भरा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड प्रत्येकी २ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका ओढ्यावरच बसवा. नमुना तसाच गाडीवरून गावात नेला तर आकडा बदललेला असतो.

गाळासाठी महिन्याच्या ठरलेल्या तारखेचा काही उपयोग नाही. पहिल्या एक-दोन जोरदार पावसांत पूर चढत असतानाचं पाणी पकडावं लागतं. ओसरताना तेवढ्याच पातळीला ते बऱ्याचदा कमी गढूळ असतं. काठावरूनच काठीला बाटली बांधून घ्या, पाण्यात उतरू नका.

जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली गावात सोयीची; जंतूंनी हा वायू तयार केला की ती काळी पडते. खुणेपर्यंत पाणी, झाकण घट्ट, २४ ते ४८ तास. काळी पडली तर विष्ठेचं प्रदूषण असल्याची शंका धरून नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. बाटलीला ३० अंशांच्या आसपासची ऊब लागते. निफाडच्या जानेवारीत ती ओट्यावर ठेवली तर पाणी खराब असूनही ती काळी न पडता वहीत ‘पिण्यायोग्य’ चढू शकतं. थर्मोकोलच्या डब्यात कोमट पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवा, सकाळ-संध्याकाळ त्या बदला आणि आतलं तापमान लिहून ठेवा. क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्याला सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली हवी, नाहीतर उरलेलं क्लोरीन बाटलीतले जंतूही मारतं. काळी पडलेली बाटली मोरीत ओतू नका. आधी ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी घालून तासभर उघड्यावर ठेवा, मग खड्ड्यात.