गिटारचं वजन उतरवताना

आज ठाण्यात स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारची महोगनी बॉडी पोखरली. लाकूड पिकगार्डखालचंच (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखालचंच) काढायचं, बाहेरून काही दिसत नाही. बॉडी ४५ मिमी जाड. २५ मिमी फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) ३० मिमी खोल भोक पाडलं तर जेमतेम ९ ग्रॅम लाकूड निघतं, आणि तिथे आठ-दहाच भोकं मावतात. म्हणजे ७०-९० ग्रॅम, बस्स! बिटचं मधलं टोक आणखी २-३ मिमी खाली जातं, ते धरूनच ड्रिल प्रेसचा खोली रोखणारा स्टॉप लावा. ट्रेमोलो (दांडी दाबून सूर हलवायची यंत्रणा) असेल तर मागे स्प्रिंगची खाच असते. तिच्यावर पाडलेलं भोक थेट आरपार. नेक पॉकेटच्या (गिटारची मान बसते त्या खाचेच्या) आसपास हातच लावू नका. पावसाळ्यात उघडं लाकूड ओल धरतं, भोकांत सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) हवाच. बॉडी हलकी झाल्यावर नेक खाली झुकू लागली, तर कमी वजनाचे ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बसवा.