टॉर्चच्या उजेडात दिसलेलं घड्याळ

आईच्या फोनची काच फुटली होती. डिस्प्ले चालायचा, पण बोट फिरवलं की चिरा टोचायच्या. नवा कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र जोडलेला) मागवला आणि कळव्याला घरीच बदलायला बसलो. हेअर ड्रायरने मागचं कव्हर सैल केलं, निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्या जागी कागदावर चिकटवला. कनेक्टर टिक करून बसला. पॉवरचं बटण दाबलं. फोन थरथरला, स्क्रीन काळी.

माझ्या फोनवरून रिंग दिली, वाजली. कनेक्टर काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला, परत बसवला. तरी तेच. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च तिरकी मारली, तर काचेखाली पुसटसं घड्याळ दिसलं: ९:४२. मला एवढा आनंद झाला! एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, मागून एलईडीची लाइट लागते. म्हणजे चित्र येत होतं, लाइट गेली होती. (ओलेड असता तर हे कळलं नसतं. त्यात पिक्सेलच उजळतात.)

आता दोष कॉम्बोचा की बोर्डाचा? जुना फुटका डिस्प्ले परत लावला. सकाळपर्यंत उजळणारा तोही अंधारात. माझ्या पोटात गोळा आला. काय चुकलं ते तेव्हा लक्षात आलं: फोन बंद केला होता, पण बॅटरीचा कनेक्टर काढलाच नव्हता. फोन बंद असला तरी बॅटरीचा सप्लाय लाइटच्या लाइनपर्यंत पोचलेला असतो. डिस्प्लेचा कनेक्टर जरा तिरका टेकला की पिना आपसात भिडतात आणि शॉर्ट होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर ठाणे स्टेशनजवळ गोखले रोडच्या बाजूला एका रिपेअरिंगवाल्याकडे गेलो. मी लाइटचं सांगताच त्याने विचारलं, "बॅटरी काढली नव्हती ना, दादा?" मायक्रोस्कोपखाली त्याने मला दाखवलंही: लाइटच्या लाइनवरचा, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक फिल्टर, एका कडेला काळवंडलेला. शॉर्ट झाला की फ्यूजसारखा हाच जळतो. मल्टिमीटर त्याच्या दोन टोकांना लावला, बीप नाही, म्हणजे आतून तुटलेला. जुन्या बोर्डावरचा एक काढून त्याने तिथे बसवला. वीस मिनिटं, साडेचारशे रुपये. फिल्टरच्या जागी नुसता जंपर (तारेचा तुकडा) मारूनही लाइट आली असती, पण मग पुढच्या शॉर्टला अडवायला मध्ये काही उरलं नसतं. त्याने तो मारला नाही, हे मला फार आवडलं.

घरी आल्यावर आधी बॅटरी सोडवली, मग डिस्प्ले जोडला, शेवटी बॅटरी. गम लावण्याआधी टच, ब्राइटनेस, कॉल करताना कानाजवळ स्क्रीन विझते का, सगळं पाहिलं. मग रबरबँड लावून रात्रभर ठेवला. सकाळी आईने चिपळूणच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला.