तुम्ही विचारलंत म्हणून: सीक्वेन्समध्ये दिसलेला विषाणू खरा कशावरून?

‘तुम्ही म्हणता सीक्वेन्समध्ये, म्हणजे डीएनए-आरएनएच्या वाचलेल्या अक्षरक्रमात, नवा विषाणू सापडला. पण तो कुणी पाहिला नाही, पेशींत वाढवलाही नाही. मग तो आहेच, हे कशावरून?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

उत्तराची सुरुवात नमुन्यापासून होते. नमुन्यात माणसाच्या किंवा प्राण्याच्या स्वतःच्या डीएनए-आरएनएचीच गर्दी असते. म्हणून द्रव नमुना सेंट्रिफ्यूज करून पेशी खाली बसवायच्या आणि वरचा द्रव ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचा. ०.२२चा फिल्टर घेतला तर मोठे विषाणू त्यातच अडकतात. मग न्यूक्लिएज (डीएनए-आरएनए कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम) घालून ३७ अंशांवर साधारण तासभर ठेवायचं: मोकळे तुकडे कापले जातात, विषाणूच्या कवचातला जीनोम (त्याचा संपूर्ण डीएनए किंवा आरएनए) शाबूत राहतो. डीएनए-आरएनए काढणीच्या किटमधला कॅरिअर आरएनए (काढणी नीट व्हावी म्हणून घातलेला जादा आरएनए) इथे टाळावा. नेहमीच्या पीसीआरला (ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीला) तो मदत करतो, पण इथे सीक्वेन्सिंगचं यंत्र त्यालाच वाचत बसतं. प्रायमर (प्रत काढायला जिथून सुरुवात होते ते छोटे तुकडे) रँडम, म्हणजे कुठेही चिकटणारे, वापरायचे, कारण जो विषाणू माहीतच नाही त्याच्यासाठी नेमका प्रायमर बनवणार कसा?

पुढचं काम संगणकाचं. कोविडच्या सुरुवातीला वुहानमधल्या एका रुग्णाच्या फुफ्फुसातल्या द्रवातून ५,६५,६५,९२८ रीड्स (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) मिळाले. ते जुळवल्यावर ३,८४,०९६ काँटिग (रीड्स जोडून बनलेले लांब तुकडे) तयार झाले, आणि त्यांतला सर्वांत लांब, ३०,४७४ बेसचा (अक्षरांचा) काँटिग वटवाघळातल्या एका कोरोना विषाणूशी ८९.१ टक्के जुळला. ११ जानेवारी २०२० रोजी तो जीनोम जगासाठी खुला झाला. इतकं सोपं क्वचितच असतं. दूरचा नातेवाईक असेल तर बेसच्या पातळीवर काहीच जुळत नाही. मग काँटिगचं सहाही वाचनचौकटींत (तीन-तीन अक्षरं वाचण्याच्या सहा शक्य पद्धतींत) प्रथिनांत भाषांतर करून शोधावं लागतं. आरएनए विषाणूंमध्ये पहिला आधार आरडीआरपी या, आरएनएच्या प्रती काढणाऱ्या विकराचा, कारण त्याचा गाभा फार कमी बदलतो.

आता तुमच्या शंकेचं मूळ. २०१३ मध्ये चीनमधल्या, कारण न सापडलेल्या हिपॅटायटिसच्या रुग्णांत पार्व्हो या छोट्या डीएनए विषाणूंच्या गटासारखा एक नवा विषाणू जाहीर झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की त्याचा डीएनए न्यूक्लिक आम्लं काढण्याच्या कॉलममधल्या सिलिकातून येत होता. रुग्णांचा त्याच्याशी संबंधच नव्हता! म्हणून प्रत्येक फेरीत एका नळीत नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन तीच काढणी, तीच लायब्ररी (यंत्रासाठी तयार केलेले तुकडे), तेच सीक्वेन्सिंग करायचंच. पैसे वाचवायला ही नळी गाळली, तर बाकीच्या निकालांवर विश्वास ठेवायला जागा उरत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण पाण्याची नळी सगळंच पकडत नाही. एकाच फेरीत शेजारच्या नमुन्याचे रीड्स चुकीच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी दोन्ही टोकांना प्रत्येक नमुन्याचा वेगळा इंडेक्स (ओळखीचा छोटा सीक्वेन्स) लावायचा.

आणखी एक फसगत यजमानाच्या, म्हणजे विषाणू ज्या सजीवात राहतो त्याच्या, जीनोमची. त्यात जुन्या विषाणूंचे अवशेष असतात. वाचनचौकटीत मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपतं असं सांगणाऱ्या खुणा) दिसले, किंवा काँटिगचं एक टोक यजमानाच्या जीनमध्ये शिरलेलं दिसलं, तर सावध व्हावं. रीड्स परत काँटिगवर बसवून पाहावेत. सगळे एकाच तीनशे बेसच्या तुकड्यावर गोळा झाले असतील आणि बाकी जागा रिकामी असेल, तर तो जीनोम मानू नये.

या सगळ्यातून तरलेला सीक्वेन्स खरा मानता येतो. २०१७ पासून विषाणूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही केवळ सीक्वेन्सच्या आधारे जाती नोंदवता येतात. मात्र त्यावरून यजमान ठरत नाही, आणि आजाराचं कारण तर नाहीच. वटवाघळाच्या विष्ठेतला विषाणू त्याने खाल्लेल्या किड्याचाही असू शकतो.

शेवटची पडताळणी मूळ नमुन्यावरच होते: वेगळ्या पद्धतीने पुन्हा काढणी, नव्या सीक्वेन्सवरून बनवलेल्या प्रायमरने पीसीआर आणि सँगर सीक्वेन्सिंग (एकेक तुकडा वाचण्याची जुनी पद्धत). म्हणून नमुना आला की आधी त्याचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, आणि एक भाग या पडताळणीपर्यंत कशालाही वापरू नका.