अबू सिंबेलचा फोडणीचा भात

इजिप्तमध्ये आस्वानहून अबू सिंबेलच्या प्राचीन मंदिरांकडे जाणाऱ्या बस पहाटे चारच्या सुमारास सुटतात. 280 किलोमीटर वाळवंट, साडेतीन तास. आपण ज्या बोटीवर राहतो ते क्रूझवाले नाश्त्याचा खोका देतात: पाव, उकडलेलं अंडं, चीज, केळं, ज्यूस. आपल्या माणसांना हा कोरडा खोका चालत नाही, म्हणून आमच्या सहल कंपनीचे महाराज, म्हणजे स्वयंपाकी, माझ्या ग्रुपसोबत असतात. त्या दिवशी त्यांनी फोडणीचा भात दिला होता. सहा वाजता डबे उघडले, बसभर कढीपत्त्याचा वास सुटला आणि सगळे खूश झाले.

सात पन्नासला पार्किंगमध्ये पहिली उलटी झाली. सव्वादहापर्यंत 34 पैकी 13 जण आजारी.

अशा वेळी पाण्याच्या बाटलीआधी मी वही काढतो, आणि त्याचा लोकांना राग येतो. पण माणूस कितीला आजारी पडला, शेवटचं काय खाल्लं, आधी उलटी की जुलाब, ताप आहे का, हे त्याच तासात लिहिलं नाही तर संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची आठवण शेजाऱ्याच्या आठवणीत मिसळलेली असते. निकाल तर पार्किंगमध्येच लागला होता: "कालचं सॅलड बाधलं", "इथलं पाणीच वाईट", "सांगत होतो, बर्फ घेऊ नका". वही वेगळं सांगत होती. सॅलड-पाण्यातून जाणारे नेहमीचे जंतू पोटात वाढायला साधारण अर्ध्या दिवसापासून तीन दिवस घेतात आणि मुख्यतः जुलाब करतात. इथे जवळपास नुसत्या उलट्या, ताप कुणालाच नाही आणि अडीच तासांत सगळे. म्हणजे जंतूंनी विष अन्नातच तयार करून ठेवलेलं होतं. भात खाणारे 21, त्यातले 12 आजारी. न खाणारे 13, त्यातल्या एकाच ताईंना उलटी झाली, आणि त्यांना कुठल्याही घाटात होते. त्या दिवशी संकष्टी होती. केळी-खजुरावर राहिलेल्या चौघी ठणठणीत.

तोवर बसमध्ये औषधांच्या पिशव्या उघडल्या होत्या. ही माझी जुनी चीड आहे. घरून निघताना फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लोक पोह्यांसारख्या वाटतात. तयार विषावर अँटिबायोटिक काहीच करत नाही, रिकाम्या पोटात मळमळ तेवढी वाढवतं. जुलाब थांबवणारी लोपरामाइड तर जुलाब नसलेल्यांनाही दिली जात होती. ती ताप असताना किंवा शौचात रक्त दिसत असताना घ्यायचीच नसते, हे पिशवीवाल्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मला औषध द्यायची परवानगी नाही. ओआरएस देता येतं, आणि तेही नीट देणारे थोडे. मोठी पुडी, साधारण 21 ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी असते, 4 ग्रॅमची छोटी पुडी एका पेल्यासाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की ते इतकं दाट होतं की तहान आणि मळमळ दोन्ही वाढतात, आणि मग "ओआरएस मला सोसत नाही" असं ऐकू येतं. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला हा हिशोबही नको, पुडीत मीठ-साखर सारखी मिसळलेली असेलच असं नाही. उलटीनंतर दहा मिनिटं थांबायचं, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. घटाघटा पाजलं की पुन्हा बाहेर. एकाने आवर्जून आणलेलं फळांच्या चवीचं टेट्रापॅक मी बाजूला ठेवलं. त्यात साखर जास्त, मीठ नावापुरतं. असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, बंदी घातली, तोवर निम्मा महाराष्ट्र ते औषध समजून पीत होता.

भात खाऊन आजारी पडलेल्या बारा जणांपैकी खरी भीती एकाच ठिकाणी होती. 71 वर्षांचे एक काका. साडेपाचला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या, सहाला भात खाल्ला, आठ दहाला सगळा बाहेर. गोळी पोटात, जेवण रस्त्यावर. नऊला ते बसच्या पायरीवर बसून घामाघूम झालेले, आणि "काका, पाणी घ्या" म्हटलं तर "मला कुणी बोलावलं इथे?" असं उत्तर. सगळे म्हणाले, थकवा आलाय, झोपू द्या. काकूंच्या पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. रक्तातली साखर 58, म्हणजे धोक्याइतकी कमी. ओआरएस चालू होतंच, पण त्याच्या लिटरभरात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम, एका पेल्यात पावणेतीन. त्याने 58 हलत नाही. अर्ध्या पेल्यात तीन भरलेले चमचे साखर, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, पाच मिनिटं घोट घोट. पंधरा मिनिटांनी 74. पुन्हा तेवढीच. मग 96, आणि काकांनी विचारलं, "मूर्ती बघायच्या राहिल्या का?" राहिल्याच. ग्लिमेपिराइडचा अंमल जवळपास दिवसभर टिकतो, म्हणून परतीच्या बसमध्ये दर तासाला बोट टोचलं. विम्याच्या हेल्पलाइनवरच्या डॉक्टरांनी संध्याकाळच्या दोन्ही गोळ्या थांबवायला सांगितल्या. तो फोन मी आधी केला, दवाखान्याचा विचार नंतर. हेल्पलाइनला न कळवता दवाखाना गाठला तर क्लेम अडकण्याची भीती असते.

बोटीवर वेगळाच सामना. मॅनेजरला नोरोव्हायरसची, म्हणजे माणसामाणसांत झपाट्याने पसरणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या विषाणूची, धास्ती, सगळ्यांनी 48 तास केबिनमध्ये राहा म्हणाला. मला राग आला, पण त्याच्या जागी तो बरोबर होता: बोटीवर नोरो घुसला की पुढच्या तीन ग्रुपना सोडत नाही. मी वही पुढे केली. नोरोला लागणीपासून त्रास सुरू व्हायला 12 ते 48 तास लागतात आणि रोज नवे रुग्ण येत राहतात. आमच्याकडे सव्वादहानंतर एकही नाही. तरी त्याने कठडे आणि दाराच्या मुठी क्लोरीनच्या पाण्याने पुसून घेतल्या. आमची मंडळी सॅनिटायझर चोळून निर्धास्त होती. नोरोवर त्याचा फारसा उपयोग नाही, साबण-पाणीच लागतं.

महाराजांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. बावीस वर्षं करतोय, म्हणाले, आणि ते खरंच आहे. "भात उकळला होता, फोडणीत पुन्हा परतला, जंतू राहतीलच कसे?" भात संध्याकाळी साडेसहाला झाला. जेवणं झाल्यावर पाचसहा किलो उरला, तो त्याच खोल पातेल्यात, झाकण लावून, ओट्यावर पहाटे अडीचपर्यंत. भातात सापडणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली झोपलेली रूपं, उकळण्याने मरत नाहीत. तेवढ्या भाताचा मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो, तिथे ते फुटतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही. वर पावणेतीनला गरम भात फॉइलच्या डब्यांत दाबून बंद केला, डबे खोक्यात एकावर एक. सहाला उघडला तेव्हाही कोमटच. भात उरला तर दोन बोटं जाडीने परातीत पसरायचा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांवर नाही, उकाडा असेल तर एकच तास. महाराज म्हणाले, "बोटीवर मला फ्रिजचा एक कप्पा मिळतो, त्यात दही आणि पनीर." तेही खरं. कंपनीने तो कप्पा ठरवला तेव्हा तिथे स्वयंपाक केलेला एकही माणूस बसलेला नसणार.

त्या रात्री सगळ्यांनी महाराजांकडे मऊ भात, तूप आणि मेतकूट मागितलं. बोटीच्या बुफेकडे कुणी फिरकलं नाही, ज्या बुफेने एकालाही आजारी पाडलं नव्हतं. भात ताजा होता, पातेलं उतरवून वाढेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मी अहवालात भात लिहिला. ऑफिसच्या नोंदीत तो "स्थानिक पाण्यामुळे किरकोळ पोटाचा त्रास" झाला.

एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही. आदल्या रात्री नऊच्या सुमाराला महाराज उरलेल्या भाताचे गोळे हाताने मोकळे करत होते आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याला ओली झालेली चिकटपट्टी होती. चिघळलेल्या जखमेतला स्टॅफिलोकोकस हा जंतूही असंच विष करतो, तेही आचेला दाद देत नाही, आणि अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात. माझी वही त्यालाही तितकीच जुळते. भात की अंगठा, हे एका डब्यातल्या शंभर ग्रॅम भाताने सांगितलं असतं. नऊ डबे उरले होते. वासाने लोकांना मळमळायला लागलं म्हणून अबू सिंबेलच्या पार्किंगमध्ये ते फेकायला मीच सांगितलं.